वाचकांचे सवाल: म्हणी, सुविचार अन् जित्याची खोड

मागच्या अंकात म्हणी, सुविचार, मनावर ताबा असल्या विषयावर प्रश्न मागवले होते अन् पत्रांचा गठ्ठाच आला, काही जणांनी व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पाठवले त्यात प्रश्नापेक्षा मागच्या ट्रॅक्टरचाच आवाज जास्त. सगळ्यांना उत्तर देणं काही जमत नाही. ज्यांचे घेतले त्यांचे थोडे छाटून घेतले, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, तालुका तेवढा ठेवला आहे.

सवाल: ताई, माझं वय २६, घरची शेती अन् सोबत टमटम चालवतो. खर्रा खातो, म्हंजे तंबाखू-सुपारी घोटलेली, दिवसाले सात-आठ तं होतेतच. घरी बुढी रोज म्हनते जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी मोबाईलवर वॉलपेपर ठेवला, ज्याने मन जिंकलं त्याने जग जिंकलं, अन् खर्रा बंद केला. तिसऱ्या दिवशी दुपारी पानठेल्यावर गाडी आपोआपच थांबली पहा. मी मनाचा कच्चा हाओ काय? (आर्णी तालुका)

उत्तर: भाऊ, तू कच्चा की पक्का हे मला माहीत नाही आणि खरं सांगू का, त्याचा खर्रा सोडण्याशी फार संबंधही नाही. तंबाखूतलं निकोटीन बंद झालं की पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात खराब असतात, चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं जड राहतं, कोणी काही बोललं की अंगावर धावून जावंसं वाटतं, आणि मग पुढच्या दोन-चार आठवड्यांत ते सगळं हळूहळू कमी होत जातं. म्हणजे सगळ्यात वाईट दिवस तुझे जवळपास काढून झाले होते आणि नेमका तेव्हाच तू परत गेलास. हे तुला आधी कोणी सांगितलं असतं तर तिसऱ्या दुपारी तुला असं वाटलं नसतं की आता जन्मभर हेच भोगायचं आहे.

वॉलपेपरचं म्हणशील तर तलफ येते ती काही मिनिटांचीच असते, पण त्या मिनिटांत माणूस वाक्य वाचत बसत नाही. त्या वेळेला कामात येतं ते हे की पुडी खिशात आहे की नाही, ठेला रस्त्यात आहे की नाही, बाजूला बसलेला मित्र पन्नीत खर्रा घोटून राह्यला की नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास लहान पोरांवर एक प्रयोग केला होता, एक खाऊ आत्ता घ्या नाहीतर थोडं थांबा अन् मोठा घ्या. खाऊ समोर ठेवला तर पोरं लवकर हार मानायची, झाकून ठेवला की बराच वेळ थांबायची. पोरं त्याच वयाची, फरक काय तर नजरेसमोर काय आहे त्याचा. म्हणून तू सवारी घेऊन जाताना ठेल्याचा चौक टाळता येतो का ते आधी पहा, मग मन जिंकायचं पाहू.

आपल्या गाडगेबाबांचं बघ ना. शेंडगावचा डेबूजी, बाप दारूपायी गेला. पुढे त्याच्या मुलीचं बारसं आलं, जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण अन् दारू पाहिजे होती, लोक त्यासाठी कर्ज काढायचे, याने पंगतीत सरळ गोड जेवण वाढलं. लोकांनी कटकट केलीच असेल. पण दारू पंगतीतच नाही म्हटल्यावर प्यायची का नाही हा प्रश्नच उरला नाही. भाषण त्याच्या नंतर कधी तरी, कीर्तनातून, आणि तेही लोकांना सवाल विचारून विचारून.

आता कामाचं बोलू. आरशासमोर उभा राहून तोंड उघड आणि आपल्याच हाताची तीन बोटं उभी करून आत जातात का ते पहा. जात नसतील किंवा तिखट झोंबून राह्यलं असेल तर सरकारी दवाखान्यात दाताच्या डॉक्टरला दाखव, आज-उद्या करू नको, कारण तोंड आवळत जाण्याचा तो आजार सुपारीने होतो, नुसती तंबाखू सोडून साधी सुपारी चघळली तरी होतो. म्हणून तंबाखूच्या बदल्यात सुपारी हा सौदा करू नको, लवंग ठेव, बडीशेप ठेव. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००११२३५६, तिथं बोलायला लाज वाटून घेऊ नको, तुझ्यासारखेच फोन करतात सगळे.

आणि आईला माझा निरोप सांग. काकू, ती म्हण काही दिवस बंद ठेवा. खोड जातच नाही असं आईच म्हणते म्हटल्यावर पोराला खर्रा खायला लायसन्सच मिळालं की.

सवाल: ताई नमस्कार. आमच्या सासूबाई प्रत्येक गोष्टीत म्हण मारतात. मी बचत गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं तर म्हणाल्या अंथरूण पाहून पाय पसरावे. तेच दिराने हप्त्यावर बुलेट आणली तर हौसेला मोल नाही. मी काय उत्तर देऊ, भांडण पण नाही करायचं मला. (दर्यापूर तालुका)

उत्तर: वहिनी, तुमचं पत्र आम्ही इथं ऑफिसात मोठ्याने वाचलं आणि हसलो, माफ करा, पण प्रत्येक घरात हेच आहे. म्हणी इतक्या आहेत आपल्याकडे की कोणत्याही निर्णयाच्या बाजूने एक सापडते अन् विरोधात एक. थेंबे थेंबे तळे साचे असं म्हणत पैसा दाबून ठेवता येतो आणि हौसेला मोल नाही म्हणत उडवता येतो. हाजीर तो वजीर म्हणत धावता येतं अन् अति घाई संकटात नेई म्हणून बसून राहता येतं. माणूस आधी ठरवतो, म्हण मागून शोधतो. कोणासाठी कोणती म्हण निघाली यावरून म्हणणाऱ्याचं मन कुठं आहे तेवढं कळतं, एवढा तिचा उपयोग मात्र पक्का.

त्यामुळे म्हणीला म्हणीने उत्तर देऊ नका, त्यात तुम्ही हरणार, त्यांचा साठा मोठा आहे. एक छोटी वही घ्या, महिन्याला ब्लाउज किती शिवले, फॉल-पिको किती, पैसे किती आले, गटाचा हप्ता किती गेला, हे लिहा आणि महिना संपला की वही त्यांच्याच हातात द्या, आई जरा हिशेब पहा बरं बरोबर आहे का म्हणून. हिशेब तपासायला दिला की माणूस त्या कामाचा भागीदार होतो. बुलेटचा विषय स्वतःहून काढू नका. तो त्या स्वतः काढतील, आणि तेव्हा तुम्ही गप्प राहून चहा ठेवायला जा.

सवाल: मी अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतो. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. तीन वेळा प्रिलिम गेली माझी. कधी कधी ती भिंत पाहून रडायला येते. खरंच प्रयत्नाने सगळं होतं का? (वाशिम तालुका)

उत्तर: मित्रा, त्या भिंतीने तुला अर्धीच गोष्ट सांगितली. ती ओळ सतराव्या शतकातल्या वामन पंडितांची, आणि त्यांनीही ती भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या संस्कृत श्लोकावरून मराठीत आणलेली. पूर्ण श्लोक असा आहे की प्रयत्न केला तर एखाद्या वेळी वाळूतून तेल निघेल, तहानलेल्याची तहान मृगजळ पिऊन भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगसुद्धा सापडेल, परंतु मूर्खाचें हृदय धरवेना क्षणभरी. म्हणजे वाळूतून तेल निघतं असं तो सांगतच नाही, तो म्हणतो ते न होणारं एक वेळ होईल पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत काढणं होणार नाही. चार ओळींतल्या तीन कापून टाकल्या आणि अशक्याचं उदाहरण प्रेरणा म्हणून भिंतीवर चढवलं. आणि ते पाहून पास न झालेली पोरं स्वतःलाच दोष देत बसतात, याचा मला मनापासून राग येतो.

हे असं पुष्कळ ओळींचं झालं आहे. तुकोबांचं ठेविले अनंते तैसेचि राहावे हे आळशी माणसाच्या तोंडी नेहमी असतं, पुढचं चित्ती असो द्यावे समाधान गायब, तिथं हातपाय हलवू नका असं काही म्हटलेलं नाही, मन शांत ठेवा म्हटलं आहे. अन् नाठाळाच्या माथी काठी हाणू हे तर गावच्या प्रत्येक भांडणात कोणी ना कोणी म्हणतंच, पण त्याच्या आधी भल्या माणसाला कमरेची लंगोटीसुद्धा काढून देऊ असं आहे. लंगोटी द्यायची वेळ आली की कोणाला तो अभंग आठवत नाही, काठीच्या वेळी बरोबर पाठ असतो.

तुझ्यापुरतं बोलायचं तर प्रयत्नाने पुष्कळ होतं, सगळं होत नाही, आणि जागा कमी अन् बसणारे लाखात असले की चांगला अभ्यास करणारेही राहतात, हे गणित आहे, तुझ्या चारित्र्यावर शेरा नाही. पेपर घेऊन बस अन् तिन्ही वेळी नेमके मार्क कुठं गेले ते काढ, सी-सॅट (आकलन-गणिताचा पेपर) की जीएस (सामान्य अध्ययन) की निगेटिव्ह मार्किंग. मग घरच्यांसोबत बसून अजून किती वर्षं द्यायची हे आकड्यात ठरव, अन् तोवर दुसरं कोणतं काम हाताशी ठेवता येईल तेही. आणि अभ्यासिकावाल्या काकांना म्हणा, भिंतीवर लिहायचंच आहे तर पूर्ण श्लोक लिहा. पोरं निदान हसतील तरी.

सवाल: ताई मी साठीचा शेतकरी आहे. कोरडवाहू सहा एकर. यंदा दिवाळीच्या आगेमागे कापूस घरूनच खेडा खरेदीवाल्याले देऊन टाकला, अन् मंग भाव चढला. पोरगा पुण्याले कंपनीत आहे, फोनवर म्हनते बाबा तुम्हाले धीरच नाही, उतावळा नवरा गुडघ्याले बाशिंग. शब्द लागला मनाले. धीर नसनं हा दुर्गुण आहे हे मले समजते. पन. (वणी तालुका)

उत्तर: काकाजी, तुमच्या त्या 'पन' मध्येच सगळं आलं.

वर खर्र्यावाल्या भावाला जो खाऊचा प्रयोग सांगितला त्याचीच पुढची गोष्ट तुमच्यासाठी ठेवली होती. अमेरिकेतच रोचेस्टर विद्यापीठात काही वर्षांपूर्वी संशोधकांनी पोरांचे दोन गट केले. खाऊच्या आधी दोन्ही गटांना सांगितलं की थांबा, चित्र काढायला चांगलं सामान आणून देतो. एका गटाला खरंच आणून दिलं, दुसऱ्याला येऊन सांगितलं की सॉरी, सामान नाही आमच्याकडे. मग खाऊ ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती पोरं सरासरी १२ मिनिटांच्या जवळपास थांबली, ज्यांना फसवलं ती ३ मिनिटांतच मोकळी झाली. आता या दुसऱ्या पोरांना उतावळी म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार. थांबून काही मिळत नाही हे ती शिकली होती आणि बरोबर शिकली होती.

तुम्ही काय काय थांबून पाहिलं असेल ते मी इथं बसून मोजू शकत नाही पण अंदाज येतो. पहिल्या वेचणीच्या कापसात ओल जास्त, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओल गेली की भाव कापतात अन् १२ च्या वर गेली की घेतच नाहीत, म्हणजे गाडी भाड्याची करून न्यायची आणि परत आणायची. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोमागे अन् हप्त्याच्या हप्त्याला, त्यांना सांगता येत नाही की फेब्रुवारीत भाव चढला की देतो. कृषी केंद्रवाल्याची उधारी. हरभरा पेरायचा त्याचं बियाणं. घरात कापूस भरून ठेवला तर झोपायला जागा नाही, अंगाला खाज, विस्तवाची धास्ती, आणि वाळला की वजन घटतं ते वेगळंच. बरं, भाव चढलाच नसता तर हाच पोरगा म्हणाला असता की बाबा लोभात राहिले. ज्याच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पगार पडतो त्याला धीर धरणं स्वस्त पडतं हो, हे मी तुमच्या मुलाला दुखवायला नाही म्हणत, तोही हप्त्यांतच असेल तिकडं.

पुढच्या हंगामाचं एक सुचवते, पटलं तर बघा. सगळा माल एकदम न देता निदान चौथा हिस्सा मागं ठेवता येईल का, आणि त्या तेवढ्या महिन्यांचा मजुरीचा अन् बियाण्याचा पैसा मुलाने द्यावा, उसना म्हणून, व्याज नको. फोनवर त्याला हेच सांगा, तुले धीर पायजे ना बाप्पा, तं मंग थोडा तुह्या पगारातून पाठव.

सवाल: मोठ्या भावासोबत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद आहे, बोलणं बंद आहे. राग गिळायला एखादा चांगला सुविचार सांगा. (चिखली तालुका)

उत्तर: धम्मपदात आहे, वैराने वैर कधी शमत नाही, अवैरानेच शमतं. घ्या, सुविचार झाला. पण भाऊ, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, आणि अर्ज करायच्या आधी मोठ्या भावाला घरी जाऊन सांगा की दादा, मोजणी लावतो आहे, फी अर्धी-अर्धी करू, निघेल ते दोघांनी मानायचं. नोटीस अचानक दारात आली की राग दुप्पट होतो. राग गिळण्यापेक्षा धुरा कुठं आहे ते कळणं सोपं आहे.

सवाल: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. रोज फळ्यावर आजचा सुविचार लिहितो, खोटे बोलू नये, वेळेचे महत्त्व ओळखा, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आलेलं काही. मुलं परिपाठात एका सुरात म्हणतात अन् विसरतात. पाचवीतल्या एकाने विचारलं, मॅडम हे कोण म्हणालं? मला सांगता नाही आलं. सुविचार बंद करावा का? (मूल तालुका)

उत्तर: मॅडम, बंद कशाला, पण तुमच्या त्या पाचवीतल्या पोराला धरून चला, त्याने लाखाचा प्रश्न विचारला. व्हॉट्सअॅपवर फिरणारं निम्मं तर बुद्ध, विवेकानंद नाहीतर कलाम यांच्या नावावर खपवलेलं असतं, खाली उगवता सूर्य अन् गुलाबाचं फूल. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कोणाला म्हणालं हे माहीत नसलेला सुविचार सरळ बाजूला ठेवा, तुमचा ढीग एका दिवसात हलका होईल.

आपल्याच भागात याचा फार जुना दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तिथं तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या नंतर त्यांच्या पंथातल्या म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारून विचारून आठवणी गोळा केल्या, त्यातून लीळाचरित्र झालं, आणि स्वामींची छोटी छोटी वचनं केसोबासांनी वेगळी काढून सूत्रपाठ केला. त्यातलंच एक वचन, तुमच्यामुळे मुंगीसुद्धा रांड होऊ नये अशा अर्थाचं. आज वर्गात तो शब्द उच्चारता येणार नाही, विधवा म्हणा हवं तर. पण पहा, अहिंसा पाळावी असं वाक्य पोराच्या कानाला लागतही नाही आणि मुंगीचा नवरा म्हटलं की पोरगं पाय उचलून चालतं. मुंगीला नवरा असतो का मॅडम, हा प्रश्न येणारच, तयारी ठेवा.

म्हाइंभटांसारखंच तुमच्या पोरांना करायला लावा. घरी जाऊन आजी, आबाजी, मामा, कोणालाही विचारायचं, तुमच्या आईबापाच्या तोंडी नेहमी कोणतं वाक्य असायचं, ते कोणावर म्हणायचे अन् का. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते वाक्य आणि खाली सांगणाऱ्याचं नातं, पोराचं नाव. झाडीपट्टीतल्या बोलीत आलं तर तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. काही वाक्यं जातीवर येतील, बायांवर येतील, वाईट येतील, घाबरू नका, फळ्यावर नाही घ्यायची पण वर्गात बोलायची, की असं का म्हणत असतील लोक.

अजून एक. खोटे बोलू नये, चोरी करू नये, हे सगळे हुकूम झाले, म्हणणारा एक अन् ऐकणारा दुसरा. तुमच्या गावात बुद्धविहार असेल तर तिथं पंचशील कसं म्हणतात ते मुलांना आठवायला सांगा, बऱ्याच जणांना पाठ असेल. त्यात कोणी कोणाला बजावत नाही, प्रत्येक जण आपल्यापुरतं म्हणतो की मी हे न करण्याची शिकवण घेतो. परिपाठात एखाद्या दिवशी पोरांना स्वतःपुरतं एकच वाक्य कागदावर लिहू द्या, मी आज अमुक करणार नाही, आणि कागद त्याच्याच खिशात राहू द्या, तुम्ही मागू नका. तुम्हीही लिहा.

पोळ्याच्या अंकासाठी आम्हाला झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या टोमण्याच्या ओळी, पाहिजेत. तोरणाखाली तुमच्याकडे ज्या म्हणतात त्या, कंजूष पाटलावरच्या, सावकारावरच्या, पुढाऱ्यावरच्या, चालतील. फक्त एक नमन गौरा पार्वती पर्यंत पूर्ण पाठवा, तालुक्याचं नाव टाका, आणि ज्या माणसावर रचली तो अजून गावात असेल तर त्याचं नाव गाळा. फोटो साफ काढा, मागच्या वेळी निम्म्या वह्यांवर अंगठाच आला होता.